टिंब नसलेले नाव : आघातशल्यचिकित्सक आर अ‍ॅडम्स काउली

अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या बाल्टिमोर शहरात केवळ गंभीर जखमींच्या उपचारांना वाहिलेले एक रुग्णालय आहे. 'आर अ‍ॅडम्स काउली शॉक ट्रॉमा सेंटर' हे त्याचे नाव. या नावातील 'आर' या अक्षरापुढे टिंब नाही. ही छपाईतील चूक असावी असे प्रथमदर्शनी वाटते, पण तसे नाही. रुग्णालयाच्या अधिकृत लेखनात हे अक्षर जाणीवपूर्वक टिंबाविना लिहिले जाते, कारण ते रॉबर्ट, रिचर्ड किंवा अन्य कोणत्याही नावाचे आद्याक्षर म्हणून वापरलेले नाही. ज्या शल्यचिकित्सकाचे नाव या रुग्णालयाला दिले आहे, त्यांचे पहिले नाव एवढेच होते. अपघातानंतरच्या पहिल्या तासाला 'गोल्डन अवर' म्हणण्याचा जो प्रघात आज जगभर आहे आणि जो आता भारतीय कायद्यातही दाखल झाला आहे, त्याचा उगम या एकाक्षरी नावाच्या डॉक्टरांकडे जातो.

नाव आणि त्याची मुळे

मराठी वाचकाला आद्याक्षरांचे अप्रूप नाही. आपल्याकडे माणसे 'पु. ल.' आणि 'ना. सी.' म्हणूनच ओळखली जातात. पण त्या प्रत्येक अक्षरामागे एक पूर्ण नाव दडलेले असते. अमेरिकेत मात्र काही वेळा अक्षराच्या मागे काहीच नसते. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अध्यक्ष हॅरी एस ट्रुमन. त्यांच्या एका आजोबांचे मधले नाव शिप, तर दुसऱ्या आजोबांचे नाव सॉलोमन. दोन्ही घराण्यांचा मान राहावा म्हणून आईवडिलांनी नुसते 'एस' ठेवले. सेनापती युलिसिस ग्रँट यांच्या नावातील 'एस' तर कारकुनी चुकीतून आला. त्यांचे जन्मनाव हायरम युलिसिस. वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीसाठी शिफारस करणाऱ्या लोकप्रतिनिधीने ते चुकीचे लिहिले आणि तेच कायम राहिले. अशा नावांपुढे लष्करी अर्जात 'ओन्ली' म्हणजे 'केवळ' असे लिहिण्याची पद्धत होती. त्यामुळे आर (ओन्ली) बी (ओन्ली) जोन्स नावाचा शिपाई दप्तरात 'रोन्ली बोन्ली जोन्स' झाला, अशी गंमत अमेरिकी सैनिकांत सांगितली जाते.

काउली यांच्या नावाचे उरलेले दोन भाग मात्र अर्थवाही आहेत. 'अ‍ॅडम्स' म्हणजे अ‍ॅडमचा मुलगा. शेवटचा 'स' हा इंग्रजीतील षष्ठीचा प्रत्यय. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ मनुष्य, आणि त्याचे नाते 'अदामा' म्हणजे माती या शब्दाशी आहे. हाच आदम अरबी-फारसीमार्गे भारतात आला आणि 'आदमी' झाला. 'काउली' हे आपल्या 'कर' लावून होणाऱ्या आडनावांप्रमाणे गावावरून आलेले. इंग्लंडमध्ये या नावाची अनेक गावे आहेत. त्यातील 'ली' म्हणजे जंगल तोडून केलेली मोकळी जागा. ग्लॉस्टरशरमधील काउली ही गाईंची मोकळी जागा, तर ऑक्सफर्डजवळची काउली कोफा किंवा कुफा नावाच्या कुणा पुरुषाची. आयल ऑफ मॅन या बेटावर याच आडनावाचे मूळ पूर्णपणे वेगळे आहे. तेथे ते 'ओलाफचा मुलगा' या अर्थाच्या गेलिक नावाचे इंग्रजी रूप आहे. हा ओलाफ उत्तरेकडील समुद्री लुटारूंबरोबर आलेला. तात्पर्य, एकच आडनाव गोठ्यापाशीही पोहोचते आणि राजघराण्यापाशीही. आडनावावरून कूळ सांगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

दोन खाटांची 'मृत्यूची प्रयोगशाळा'

आर अ‍ॅडम्स काउली यांचा जन्म २५ जुलै १९१७ रोजी युटा राज्यातील लेटन या गावी झाला. मेरीलँड विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १९४४ मध्ये ते पदवीधर झाले आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात युरोपात अमेरिकी लष्करी वैद्यकीय सेवेत होते. पुढे ते छातीचे व हृदयाचे शल्यचिकित्सक झाले. ओपन हार्ट शस्त्रक्रियेच्या आरंभकाळातील शल्यचिकित्सकांत त्यांची गणना होते आणि रक्तवाहिनी पकडण्याचा एक चिमटा आजही 'काउली क्लॅम्प' म्हणून ओळखला जातो. एवढ्यावरही त्यांची कारकीर्द सुखाची झाली असती. परंतु त्यांचे लक्ष एका वेगळ्याच कोड्याने वेधले होते. शस्त्रक्रिया उत्तम होऊनही काही रुग्ण नंतर का दगावतात?

उत्तर 'शॉक' या अवस्थेत होते. येथे शॉक म्हणजे मानसिक धक्का नव्हे. मोठा रक्तस्राव झाला की रक्तदाब कोसळतो. मेंदू आणि हृदय वाचविण्यासाठी शरीर त्वचा, आतडी, मूत्रपिंड यांचा रक्तपुरवठा आखडते. प्राणवायूअभावी पेशींत आम्ल साचू लागते. ही स्थिती लांबली, तर पुढे रक्त देऊन रक्तदाब सावरला तरी नुकसान होऊन चुकलेले असते. रुग्ण त्या वेळी वाचल्यासारखा दिसतो आणि तीन दिवसांनी किंवा दोन आठवड्यांनी मूत्रपिंड वा फुप्फुसे निकामी होऊन जातो. मृत्यूचे कारण शेवटच्या दिवसात शोधू नका, ते पहिल्या तासात घडून गेलेले असते, असा काउली यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. 'गोल्डन अवर' ही संज्ञा त्यातूनच आली.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी लष्कराने माणसांतील शॉकच्या अभ्यासासाठी त्यांना एक लाख डॉलरचे अनुदान दिले. त्यातून बाल्टिमोरमध्ये दोन खाटांचा कक्ष उभा राहिला. नंतर खाटा चार झाल्या. इतर डॉक्टरांनी आशा सोडलेले रुग्णच तेथे पाठविले जात, त्यामुळे त्यातील बहुतेक दगावत. सहकारी या कक्षाला 'मृत्यूची प्रयोगशाळा' म्हणू लागले. हळूहळू त्यातले काही जगू लागले. मग प्रश्न असा उभा राहिला, की हे जगू शकतात तर त्यांना आधीच का आणले जात नाही?

या प्रश्नाने काउली यांना शस्त्रक्रियागृहाबाहेर काढले. तोवर रुग्णवाहिका जखमीला सर्वांत जवळच्या रुग्णालयात नेत असे. तेथे रात्री शल्यचिकित्सक असेलच याची खात्री नसे. जवळचे रुग्णालय ओलांडून सुसज्ज केंद्रात न्या, असे काउली सांगत होते. इतर रुग्णालयांना हा आपल्या रुग्णांवरचा डल्ला वाटणे स्वाभाविक होते. कोरिया आणि व्हिएतनाममध्ये जखमी सैनिकाला हेलिकॉप्टरने मिनिटांत शल्यचिकित्सकापुढे आणले जाते, मग महामार्गावरच्या नागरिकाने का थांबावे, हा त्यांचा युक्तिवाद होता. मेरीलँडच्या राज्य पोलिसांनी तो मानला आणि मार्च १९७० मध्ये अपघातस्थळावरून पहिल्या जखमीला हेलिकॉप्टरने बाल्टिमोरला आणले गेले. १९७३ मध्ये राज्यपाल मार्व्हिन मँडेल यांनी कार्यकारी आदेश काढून काउली यांच्या संस्थेला राज्यव्यापी आपत्कालीन सेवेचे केंद्र केले. अमेरिकेतील ही अशी पहिली राज्यव्यापी यंत्रणा. मँडेल यांचे एक स्नेही अपघातातून या केंद्रात वाचले होते, हा योगायोग येथे नोंदविला पाहिजे. राजकीय इच्छाशक्ती पुष्कळदा अशाच मार्गाने येते. १९८९ मध्ये केंद्राची नवी इमारत झाली आणि २७ ऑक्टोबर १९९१ रोजी काउली यांचे निधन झाले.

साठ मिनिटांचा आधार कोणता?

काउली यांच्या कार्याचा गौरव करताना एक गोष्ट दडविणे योग्य होणार नाही. नेमकी साठ मिनिटेच का, याचा भक्कम पुरावा त्यांनी मांडलेला नव्हता. २००१ मध्ये दोन अमेरिकी संशोधकांनी या संज्ञेचा माग काढला, तेव्हा तिच्यामागे ठोस आकडेवारी त्यांना सापडली नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासातही रुग्णवाहिकेला लागलेला वेळ आणि मृत्यू यांचा स्पष्ट संबंध दिसला नाही. उलट, अफगाणिस्तानात जखमी सैनिकाला एका तासाच्या आत हलविण्याचा आदेश २००९ मध्ये निघाल्यानंतर मृत्यू घटल्याचे २०१५ मधील अभ्यासात आढळले. म्हणजे तास ही घड्याळाची सीमारेषा नव्हे. कुणासाठी दहा मिनिटेही जास्त असतात, कुणाला तीन तास मिळतात. पण धोरण बदलण्यासाठी लोकांच्या लक्षात राहील असा शब्द लागतो आणि तो काउली यांनी दिला, हे मान्य करावे लागेल.

ज्यांना नावच नसते

अपघात विभागात येणारा रुग्ण बहुधा बेशुद्ध असतो. पाकीट हरवलेले, नातेवाईक दूर. अमेरिकेत अशा अनोळखी पुरुषाची नोंद 'जॉन डो' आणि स्त्रीची 'जेन डो' अशी करण्याची जुनी रीत आहे. हे नाव रुग्णालयातले नव्हे, जमिनीच्या भांडणातले आहे. इंग्लंडच्या न्यायालयांत मालकी हक्क ठरविण्यासाठी काल्पनिक वादी उभा केला जाई, तो जॉन डो. त्याला जमिनीवरून हुसकावणारा तितकाच काल्पनिक प्रतिवादी म्हणजे रिचर्ड रो. इंग्लंडमध्ये ही पद्धत १८५२ मध्ये संपली, पण नाव उरले. भारतात अज्ञात प्रतिवादींविरुद्धच्या अशा आदेशांना 'अशोक कुमार आदेश' म्हटले जाते. आपल्या पोलिसांचा 'अनोळखी इसम' मात्र सरळ आहे. त्याला खोटे नाव देण्याची गरज कुणाला वाटली नाही. एकाच रात्री दोन-तीन जॉन डो दाखल झाले, तर एकाचे रक्त दुसऱ्याला चढण्याचा धोका असतो. म्हणून अनेक ट्रॉमा केंद्रे आता अशा रुग्णांना एकमेकांशी न जुळणारी तात्पुरती नावे देतात.

भारतात अडचण वेगळी होती. नाव, पत्ता, पोलिसांचा कागद आणि अनामत रक्कम यांच्या आधी उपचार सुरू होतील का, हा येथला प्रश्न. मोटारीची धडक बसलेल्या एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने पोलिसी प्रकरण म्हणून घेतले नाही, सुमारे वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात जायला सांगितले आणि वाटेतच तो गेला. त्याबाबतच्या याचिकेवर २८ ऑगस्ट १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक डॉक्टरवर आधी प्राण वाचविण्याचे बंधन असल्याचे स्पष्ट केले. हा निकाल याचिकाकर्ते परमानंद कटारा यांच्या नावाने ओळखला जातो. ज्याच्या मृत्यूमुळे तो लागला, त्याचे नाव त्यात नाही.

पुढे मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन 'गोल्डन अवर'ची व्याख्या कायद्यात आली. दुखापतीनंतरचा, तातडीच्या उपचाराने मृत्यू टळण्याची सर्वाधिक शक्यता असलेला एक तास, असा तिचा आशय आहे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. रस्ते अपघातातील जखमींना सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडविरहित उपचार देणारी केंद्राची योजना मे २०२५ मध्ये अधिसूचित झाली. गरज किती मोठी आहे, हे २०२२ च्या सरकारी आकड्यांवरून कळते. त्या वर्षी देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जण मरण पावले आणि त्यातील पंधरा हजारांहून अधिक महाराष्ट्रातील होते.

या मृतांपैकी कितीतरी जणांभोवती अपघातानंतर बघ्यांची गर्दी असते, पण उचलायला कुणी धजत नाही. पोलीस ठाण्याचे हेलपाटे आणि साक्षीची कटकट यांची भीती त्यामागे असते. २०२० मध्ये केंद्राने केलेल्या नियमांनुसार जखमीला रुग्णालयात पोहोचविणाऱ्या व्यक्तीवर स्वतःचे नाव, ओळख किंवा पत्ता सांगण्याची सक्ती पोलिसांना वा रुग्णालयाला करता येत नाही. स्वेच्छेने सांगायचे असल्यास तिला ते सांगता येते. या हक्कांची सनद प्रत्येक सरकारी व खासगी रुग्णालयाने प्रवेशद्वारापाशी किंवा ठळक जागी हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत लावणे बंधनकारक आहे. महाराष्ट्रातील रुग्णालयांत ती मराठीतही असावयास हवी.