गरिबांच्या दारी जाणारी सेवा : संत विन्सेंट डी पॉल सोसायटी

अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत मुंबईच्या उपनगरांतील अनेक धर्मग्रामांत संत विन्सेंट डी पॉल सोसायटीचे कार्य चालते. 'एस.व्ही.पी.' हे तिचे नाव आपल्या परिचयाचे आहे. मिस्सानंतर आपण तिच्या दानपेटीत यथाशक्ती काही टाकतोही. मात्र ही संस्था कशी जन्मली आणि तिच्या कार्याचा गाभा कोणता, याची माहिती अनेकांना नसते. ती येथे थोडक्यात देत आहोत.

स्थापना

इ.स. १८३२ मध्ये पॅरिस शहरात कॉलऱ्याच्या साथीने हाहाकार माजवला होता. त्या काळात फ्रेडरिक ओझानाम हा विद्यार्थी आपल्या मित्रांसह एका चर्चामंडळात श्रद्धेची बाजू हिरिरीने मांडत असे. ख्रिस्तसभेने पूर्वी पुष्कळ केले असेल, पण आज तुम्ही गरिबांसाठी काय करता, असा सवाल तेथे विरोधकांनी त्यांना केला. या सवालाला वादविवादाने उत्तर देता येणार नाही, हे त्या तरुणांनी ओळखले.

२३ एप्रिल १८३३ रोजी सहा विद्यार्थी आणि एमान्युएल बाय्यी हे प्रौढ संपादक एकत्र आले. ओझानाम यांनी त्याच दिवशी विसाव्या वर्षात पदार्पण नव्हे, तर वयाची वीस वर्षे पूर्ण केली होती! गरिबांना भेटावे कसे, हे त्यांना सिस्टर रोझली रेंडू या धर्मभगिनीने शिकवले. पॅरिसच्या दरिद्री वस्तीत त्यांची सेवा चालू होती. त्यांनी या तरुणांना गरजू कुटुंबांचे पत्ते दिले आणि आदराने वागण्याची शिस्तही लावली.

पुढे ओझानाम सॉरबॉन विद्यापीठात प्राध्यापक झाले. ८ सप्टेंबर १८५३ रोजी, अवघ्या चाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९७ साली पॅरिस येथे त्यांना, तर २००३ साली सिस्टर रोझली यांना धन्यवादित घोषित केले. आज ही संस्था सुमारे १५० देशांत कार्यरत आहे.

आश्रयदाते संत

संत विन्सेंट (१५८१-१६६०) यांच्या जीवनातील एक प्रसंग संस्थेला सदैव मार्गदर्शक ठरला आहे. इ.स. १६१७ मध्ये शातियों या गावी एक कुटुंब आजारी असल्याचे त्यांनी प्रवचनात सांगितले. तेव्हा सारा गाव अन्न घेऊन त्या घरी लोटला. एवढे अन्न एका दिवसात संपणार नव्हते आणि उद्या पुन्हा उपासमार ठरलेली होती. दया पुष्कळ होती, व्यवस्था नव्हती. म्हणून त्यांनी गावातील स्त्रियांना पाळीपाळीने सेवा करण्यास संघटित केले.

कार्यपद्धती

संस्थेच्या स्थानिक शाखेस 'कॉन्फरन्स' म्हणतात. सभासद नियमितपणे बैठक घेतात. बैठकीत प्रार्थना होते, भेटी दिलेल्या कुटुंबांचा वृत्तांत मांडला जातो आणि गुप्त वर्गणी गोळा केली जाते. कोणी किती टाकले हे कोणालाही कळत नाही. त्यामुळे श्रीमंत आणि सामान्य सभासद समान पातळीवर राहतात.

मुख्य कार्य गृहभेटीचे आहे. सभासद जोडीने गरिबाच्या घरी जातात. रेशन, औषधे, जूनमध्ये मुलांची फी व वह्या-पुस्तके, कधी थकलेले भाडे, अशी गरजेनुसार मदत दिली जाते. धर्म वा जात पाहिली जात नाही आणि कुटुंबाची माहिती गुप्त राखली जाते. घर स्वतःच्या पायावर उभे राहावे, हा हेतू असतो. निरनिराळ्या देशांतील कॉन्फरन्स परस्परांशी जोडल्या जातात. दूरच्या बांधवांची प्रार्थना व मदत अशा रीतीने येथील गरिबांपर्यंत पोहोचते.

उपनगरांतील नवे दारिद्र्य

मुलुंड-भांडुप पट्ट्यातील आणि अंधेरी-कुर्ला मार्गावरील कित्येक कारखाने गेल्या काही दशकांत बंद पडले. त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. १९९५ नंतरच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेमुळे अनेकांना पक्के घर लाभले, पण देखभाल खर्चाचा नवा भारही आला. चाळीत एखाद्याची चूल पेटली नाही तर शेजाऱ्याला कळत असे. आता बंद दारामागील वृद्ध विधवेची उपासमार शेजारच्या बिऱ्हाडालाही कळत नाही. स्वाभिमानी माणूस मागायला येत नाही. म्हणून दानपेटी भरली तरी गृहभेटीची गरज संपत नाही. पैसा दाराशी पोहोचवायला माणूसच लागतो.

आपल्याला आवाहन

ही संस्था विशीतील विद्यार्थ्यांनी स्थापन केली. आपल्या धर्मग्रामाच्या कॉन्फरन्समध्ये आज त्या वयाचे किती सभासद आहेत, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावा. जिने चढणारे पाय थकत चालले आहेत आणि भेटीची वाट पाहणारी दारे मात्र वाढत आहेत. २७ सप्टेंबर हा संत विन्सेंट यांचा सण आहे. त्यानिमित्त आपल्या धर्मगुरूंकडे चौकशी करून एखाद्या जोडीसोबत एक तरी गृहभेट द्यावी, अशी आमची नम्र विनंती आहे. भुकेल्यांमध्ये आणि आजाऱ्यांमध्ये आपण भेटतो, असे प्रभू येशूने स्वतः सांगितले आहे. त्याला भेटायला त्याच्या दारी जाण्याची सुबुद्धी आपणा सर्वांना लाभो.