प्रमाणाला प्रमाण कोणतं?

नागार्जुनाने ‘विग्रहव्यावर्तनी’मध्ये एक अवघड प्रश्न विचारला आहे. प्रमाणांनी वस्तू सिद्ध होतात म्हणता, मग प्रमाणं कशाने सिद्ध होतात? हा प्रश्न मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवला. आज तो कारखान्यातल्या एका सर्किटमध्ये पाहू.

दहा मीटर उंचीची रसायनाची टाकी आहे. तिची पातळी मोजणारा ट्रान्समीटर दोन तारांवरून कंट्रोल रूमला करंट पाठवतो. टाकी रिकामी तर 4 मिलिअँपिअर, भरलेली तर 20. शून्यापासून सुरुवात का नाही? कारण शून्य आलं की तार तुटली हे लगेच कळतं. युक्ती जुनीच. हवेच्या दाबाने संदेश जायचे तेव्हाही 3 ते 15 पीएसआय असंच ठेवलेलं होतं.

पण ‘अर्धी टाकी’ हे ट्रान्समीटर कशाशी ताडून ठरवतो? आतल्या एका स्थिर व्होल्टेजशी. त्यालाच व्होल्टेज रेफरन्स म्हणतात.

1893 मध्ये एडवर्ड वेस्टन यांनी पारा आणि कॅडमियमचा सेल बनवला. 20 अंशांना सुमारे 1.0186 व्होल्ट. प्रयोगशाळांनी तो अनेक दशकं प्रमाण मानला. पण तो फार नाजूक. हलवायचा नाही आणि त्याच्यातून करंट घ्यायचा नाही! पुढे झेनर डायोड आले. त्यांतले अत्यंत स्थिर प्रकार स्वतःला हीटरने गरम ठेवतात. आता आपल्या ट्रान्समीटरची अडचण बघा. ज्या दोन तारांवरून बोलायचं, त्यांच्यातूनच जेवायचं. टाकी रिकामी असताना सगळा संसार 4 मिलिअँपिअरमध्ये भागवायचा. तिथे हीटर परवडणार कसा?

वाट सापडली ती बँडगॅप रेफरन्समध्ये. कल्पना 1964 मध्ये डेव्हिड हिल्बिबर यांनी मांडली, 1971 मध्ये बॉब विडलर यांनी तिला व्यवहारात आणलं. ट्रान्झिस्टरचं बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला सुमारे 2 मिलिव्होल्टने उतरतं. वेगवेगळ्या करंट घनतेवर चालणाऱ्या दोन ट्रान्झिस्टरमधला फरक मात्र तापमानाबरोबर चढतो. तो योग्य पटीत वाढवून पहिल्यात मिळवला की साधारण 1.2 व्होल्ट जवळपास स्थिर राहतात. म्हणजे इथे एकही घटक स्वतः स्थिर नाही. दोन चंचल गोष्टी एकमेकींना सावरतात. आणि अशी रचना काही मायक्रोअँपिअरवरही चालवता येते.

तरी निवड डोळे मिटून करायची नाही. रेफरन्स अंशाला 50 पीपीएम सरकणारा असेल आणि तापमान 40 अंशांनी वाढलं, तर चूक 0.2 टक्के. 20 मिलिअँपिअरपाशी ती 0.04 मिलिअँपिअर. दहा मीटरच्या टाकीत अडीच सेंटिमीटर. 10 पीपीएमचा घेतला तर अर्धा सेंटिमीटर.

तार तुटली तर शून्य येतं, माणूस धावत जातो. रेफरन्स सरकला तर कोणी धावत नाही, कारण आकडा दिसायला अगदी खराच असतो. म्हणून अधूनमधून तो दुसऱ्या मीटरशी ताडून पाहावा लागतो, तो मीटर तिसऱ्याशी. नैयायिक याला अनवस्था म्हणाले असते. कारखान्यात तिला कॅलिब्रेशन म्हणतात, आणि तिची तारीख चुकवायची नसते.