होड्या डोंगर चढल्या, त्याची गोष्ट

होडी पाण्यात फुलासारखी हलकी, जमिनीवर मात्र हत्तीसारखी जड. ती ओढायला कोणते वाहन घ्यावे, ट्रेलरला कसले ब्रेक असावेत, हा प्रश्न परदेशातल्या आपल्या मुलांना हल्ली पडतो. पंधराव्या शतकात व्हेनिसलाही तो पडला होता.

तेव्हा व्हेनिस आणि मिलान यांचे युद्ध चालू होते. व्हेनिसच्या ताब्यातल्या ब्रेशिया शहराला मिलानच्या सैन्याने वेढा घातला होता. रसद पोचवायची ती गार्डा सरोवरातून, आणि सरोवराचा दक्षिण किनारा शत्रूकडे. आरमार समुद्रावर, गरज डोंगरातल्या सरोवरात! मग १४३९ च्या हिवाळ्यात व्हेनिसने सहा गॅली जहाजे आणि बऱ्याच लहान नावा आडिजे नदीतून रोव्हेरेटोच्या आसपास नेल्या आणि तिथून चक्क जमिनीवर काढल्या.

खाली ओंडके, पुढे बैल. बैल २००० होते असे सांगतात. वाटेत लोप्पिओचे छोटे तळे लागले, तेवढाच विसावा. खिंडीपर्यंतचा चढ बैलांनी आणि माणसांनी पार केला.

खरी परीक्षा पुढे होती. खिंडीतून सरोवरकाठच्या तोर्बोले गावापर्यंत तीव्र उतार. बैलगाडी घाट उतरताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे लगेच कळेल: चढावर बैल गाडी ओढतात, उतारावर गाडी बैलांना ढकलते. इथे तर मागे अख्खे जहाज! म्हणून दोरखंड बांधून जहाजे हळूहळू खाली सोडली. सरोवरावरून वर येणारा वारा अडवायला शिडेही उभारली, असे परंपरा सांगते. जे शीड जहाजाला पळवते, तेच इथे ब्रेक झाले!

आरमार सरोवरात उतरले. १४३९ मध्ये त्याला हार पत्करावी लागली, पण १४४० मध्ये व्हेनिसने गार्डावर विजय मिळवला आणि ब्रेशियाचा वेढा उठला.

आजच्या ट्रेलरमागचे तत्त्व तेच आहे. गाडीचा वेग कमी झाला की मागचा ट्रेलर पुढे रेटतो. 'सर्ज' ब्रेकमध्ये हाच रेटा जोडणीचा दांडा आत दाबतो आणि ट्रेलरच्या चाकांना ब्रेक लागतात. युरोपात ७५० किलोपेक्षा अधिक कमाल एकूण वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. वजन धरताना होडीबरोबर इंजिन, इंधन, सामान आणि खुद्द ट्रेलरही मोजायचा. होडी उतरवताना चाके पाण्यात जातात. खाऱ्या पाण्याने ब्रेक गंजतात, म्हणून ते दर वेळी गोड्या पाण्याने धुवायचे.

वाहन घेताना आपण 'ओढेल ना?' एवढेच विचारतो. व्हेनिसच्या लोकांनी 'आवरेल ना?' हेही विचारले, म्हणून त्यांची जहाजे फळ्यांचा ढीग होऊन नव्हे, जहाजे म्हणूनच पाण्यात उतरली.