योझेफ मारिया एडर : एका प्रकाशरसायनज्ञाची इतिहासदृष्टी

एखाद्या शास्त्राचा इतिहास त्या शास्त्रातील अधिकारी पुरुषाने लिहिला, तर साधनांची पारख त्याच्यापाशी असतेच. परंतु आपल्या शास्त्राचे माप तो भूतकाळालाही लावण्याचा संभव असतो. ऑस्ट्रियन प्रकाशरसायनज्ञ योझेफ मारिया एडर (१८५५–१९४४) यांचे इतिहासलेखन या दृष्टीने अभ्यसनीय आहे. छायाचित्रणाचा आरंभ कोठे मानावा, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर वादग्रस्त ठरले. त्या उत्तराचे मूळ त्यांच्या प्रयोगशाळेत शोधावे लागते.

डॅन्यूबकाठच्या क्रेम्स या गावी जन्मलेल्या एडर यांचे शिक्षण व्हिएन्ना येथे झाले. इ. स. १८७८ मध्ये त्यांनी क्रोमेटांच्या जिलेटीन, डिंक, साखर इत्यादी सेंद्रिय पदार्थांवरील क्रियेसंबंधी प्रबंध प्रसिद्ध केला. बायक्रोमेट मिसळलेले जिलेटीन प्रकाश लागलेल्या ठिकाणी अविद्राव्य होते, या गुणावर चित्रमुद्रणाच्या अनेक पद्धती आधारलेल्या होत्या. कारागिरांच्या हाती असलेल्या या क्रियेला एडर यांनी रासायनिक मीमांसेची बैठक दिली. इ. स. १८८१ मध्ये जुझेप्पे पित्सिगेली यांच्या सहकार्याने त्यांनी सिल्व्हर क्लोराइड व जिलेटीन यांचे विकसनक्षम पायस सिद्ध केले. हेर्मान फोगेल यांनी इ. स. १८७३ मध्ये विशिष्ट रंगद्रव्यांच्या योगाने काचपट्टी अधिक रंगांना संवेदनक्षम होते, असे दाखविले होते. त्यानंतर थोड्याच वर्षांत कलकत्त्यास जेम्स वॉटरहाउस यांनी इओसीनचा उपयोग करून पाहिला; आणि इ. स. १८८४ मध्ये एडर यांनी एरिथ्रोसीनचे हिरव्या व पिवळ्या प्रकाशासंबंधीचे सामर्थ्य प्रस्थापित केले. इ. स. १८८८ मध्ये व्हिएन्ना येथे त्यांच्या पुढाकाराने छायाचित्रण व चित्रमुद्रण यांची शिक्षण-संशोधन संस्था सुरू झाली. रोंटगेन किरणांचा शोध जाहीर होताच, इ. स. १८९६ च्या आरंभी, त्यांनी व एडुआर्ड व्हालेंटा यांनी त्या किरणांनी घेतलेल्या चित्रांचा संग्रह प्रकाशित केला, तो याच संस्थेतील कार्यातून.

या सर्व कार्यात एक सूत्र आढळते. प्रकाशाचा परिणाम उष्णता, हवा वा काळ यांच्या परिणामांपासून अलग करावा आणि शक्य तर मोजावा, हा एडर यांचा आग्रह होता. मर्क्युरिक क्लोराइड व अमोनियम ऑक्झलेट यांच्या द्रावणावर आधारलेला त्यांचा प्रकाशमापक याची साक्ष देतो. हे द्रावण अंधारात जवळजवळ स्थिर राहते. प्रकाशात मात्र त्यातून मर्क्युरस क्लोराइडचा साका खाली बसतो. साक्याचे वजन करावे आणि त्यावरून प्रकाशाची, विशेषतः जंबुपार किरणांची, क्रिया किती झाली ते ठरवावे, अशी ही पद्धत होती.

हीच कसोटी घेऊन एडर इतिहासाकडे वळले. छायाचित्रणावरील त्यांच्या विस्तृत संदर्भग्रंथाचा एक भाग म्हणून वाढत गेलेल्या इतिहासाची चौथी आवृत्ती इ. स. १९३२ मध्ये हाले येथे छापली गेली. एडवर्ड एप्स्टीन यांनी केलेले तिचे इंग्रजी भाषांतर लेखकाच्या निधनानंतर, इ. स. १९४५ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झाले. या ग्रंथाचा आरंभ दागेरपासून होत नाही; प्राचीनांच्या प्रकाशविषयक कल्पना आणि किमयागारांचे प्रयोग त्यात प्रथम येतात. मात्र मानाचे स्थान मिळते ते योहान हाइनरिख शुल्झे (१६८७–१७४४) या जर्मन पंडिताला.

शुल्झे हा वैद्य, प्राच्यभाषांचा जाणकार आणि वैद्यकाचा इतिहासकार होता. स्वयंप्रकाशी पदार्थ बनविण्याच्या खटपटीत त्याने खडूवर नायट्रिक आम्ल ओतले. त्या आम्लात थोडी चांदी विरघळलेली होती. खिडकीतून ऊन येत होते. उन्हाच्या बाजूचे मिश्रण काळवंडले, दुसरी बाजू तशीच राहिली. हा प्रभाव उष्णतेचा असावा अशी शंका घेऊन त्याने मिश्रणाला विस्तवाची धग दिली. रंग पालटला नाही. मग कागदात अक्षरे कोरून तो कागद त्याने बाटलीभोवती लावला, तेव्हा मिश्रणावर अक्षरे उमटली. इ. स. १७२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने, प्रकाशवाहक शोधता शोधता आपल्याला अंधारवाहक सापडला, अशा अर्थाचे नाव या पदार्थाला दिले.

एडर यांनी इ. स. १९१३ मध्ये छायाचित्रणाच्या आरंभकाळातील मूळ साधने संपादित केली आणि इ. स. १९१७ मध्ये शुल्झेचे चरित्र लिहिले. पहिल्या छायाचित्रण-प्रक्रियेचा जनक, अशी पदवी चरित्राच्या शीर्षकातच शुल्झेला दिलेली आहे. इ. स. १९१७ हा महायुद्धाचा काळ असल्याने या पदवीत राष्ट्राभिमान पाहण्याचा मोह होईल. तो अंश मुळीच नसेल असे नाही. परंतु आर. बी. लिचफील्ड यांनी टॉमस वेजवूडच्या चरित्रात इ. स. १९०३ मध्येच एडर यांच्या प्रतिपादनावर आक्षेप घेतला होता. म्हणजे हे मत युद्धापूर्वीचे आहे. उष्णतेपासून प्रकाश वेगळा काढणारा शुल्झेचा प्रयोग एडर यांच्या स्वतःच्या शास्त्राचा आदर्श होता, हेच त्याचे अधिक समाधानकारक स्पष्टीकरण होय.

आक्षेप मात्र बलवान आहे. शुल्झेची अक्षरे बाटली हलविताच नाहीशी होत. दृश्य वस्तूचे चित्र मिळवावे वा ते टिकवावे, असा त्याचा हेतू दिसत नाही. वेजवूड व डेव्ही यांच्या इ. स. १८०२ मधील निवेदनात चित्राचा हेतू आहे, स्थिरीकरण नाही. निएप्स, दागेर व टॅलबट यांच्या कार्यात दोन्ही आहेत. सारांश, एडर यांनी शुल्झेसंबंधी जे सिद्ध केले ते छायाचित्रणाचे जनकत्व नव्हे. रजतक्षारांवरील प्रकाशक्रियेचा पहिला निर्णायक पुरावा त्याने दिला, एवढेच ते आहे.

ही मर्यादा मान्य करूनही एडर यांचे ऋण कमी होत नाही. त्यांच्या निष्कर्षाला हरकत घेण्यासाठी लागणारे मूळ लेख त्यांनीच अभ्यासकांच्या हाती ठेवले. शास्त्रज्ञाने लिहिलेला इतिहास वाचताना त्याने गोळा केलेला पुरावा आणि त्याने गृहीत धरलेली व्याख्या यांची तपासणी स्वतंत्रपणे करावयास हवी. एडर यांचा पुरावा या तपासणीत टिकतो. त्यांची व्याख्या मात्र अभ्यासकाने पुन्हा पारखून घ्यावी लागते.