वही घेऊन ये

माणसाला नोकरीवरून काढण्याच्या जगात नाना तऱ्हा आहेत. कुणाच्या हाती पाकीट देतात, कुणाला नोटीस लावतात, आणि कुणाला साहेब केबिनमध्ये बोलावून आधी चहा पाजतात. चहाबरोबर बिस्किटं आली, की समजावं प्रकरण गंभीर आहे! पण या सगळ्या शास्त्रात मला सर्वांत चटका लावणारी तऱ्हा वाटते ती अमेरिकेतल्या फुटबॉलवाल्यांची. सराव-शिबिरात पहाटे खोलीच्या दारावर टकटक होते. दारात संघाच्या कचेरीतला एक माणूस उभा. तो एवढंच म्हणतो, "कोचनी बोलावलंय. वही घेऊन ये."

ही वही म्हणजे 'प्लेबुक'. संघाच्या सगळ्या चाली लिहिलेलं जाडजूड बाड. ते परत मागितलं, की खेळ खलास. या निरोप्याला पोरांनी नावच पाडलंय, 'द टर्क' म्हणजे तुर्क. आपल्या यमाला निदान बसायला रेडा तरी आहे, हा बिचारा पायीच येतो. आता वह्या गेल्या नि टॅब्लेट आले, पण टकटक तीच.

मी इथे लिहिणार आहे तो या वहीवाल्यांतल्या एकाच जातीचा इतिहास. तिला 'वाइड रिसीव्हर' म्हणतात.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी प्रस्तावना केली पाहिजे. याला फुटबॉल म्हणत असले तरी यात पायाचा उपयोग मुख्यतः पळण्यासाठी. चेंडू सोललेल्या नारळासारखा, दोन्ही टोकांना निमुळता. मैदानाच्या मध्यभागी दोन्हीकडचे दीड-दीडशे किलोचे बाप्ये एकमेकांना असे भिडतात, की सकाळची विरार लोकल बरी. मी न्यू जर्सीत भाच्याकडे गेलो होतो तेव्हा टीव्हीवर ही झोंबाझोंबी तासभर पाहिली आणि चेंडू नेमका कुणाकडे आहे हे मला एकदाही कळलं नाही. शेवटी भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही चेंडू बघूच नका. त्या कडेच्या पोराला बघा."

कडेला, गर्दीपासून दूर, एक सडपातळ पोरगा उभा होता. चेंडू सुटला की तो वाऱ्यासारखा पळायचा, मध्येच वळायचा आणि तीस-चाळीस यार्डांवरून आलेला तो नारळ हवेत उडी मारून झेलायचा. हाच वाइड रिसीव्हर. बाकीच्यांच्या अंगावर चिखल असतो, याच्या अंगावर कॅमेरा असतो. साहजिकच गावोगावच्या पोरांना हेच व्हायचं असतं.

गंमत म्हणजे, खेळाच्या सुरुवातीला हा धंदाच अस्तित्वात नव्हता. चेंडू पुढे फेकायची बंदी होती. तो पोटाशी धरायचा आणि घुसायचं. या घुसण्यात माणसं मरायची. १९०५ च्या एका मोसमात दीड डझनाच्या आसपास पोरं दगावली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी कॉलेजवाल्यांना बोलावून 'हे आवरा' म्हणून सांगितलं. मग १९०६ पासून चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली. पण नियम करणाऱ्यांचं मन धास्तावलेलंच. फेकलेला चेंडू नुसता खाली पडला तर पंधरा यार्डांचा दंड, आणि कुणाचाही हात न लागता पडला तर तो सरळ प्रतिपक्षाला बहाल! त्याच वर्षी सप्टेंबरात सेंट लुईस विद्यापीठाच्या संघाने पहिला कायदेशीर पास फेकला. तो कुणाच्याही हातात न जाता जमिनीवर पडला. पुढे शतकभर लाखो पोरांच्या काळजाचं पाणी करणाऱ्या धंद्याचा मुहूर्त असा झाला.

या धंद्याला प्रतिष्ठा मिळवून दिली डॉन हटसनने. १९३५ साली तो अलाबामातून ग्रीन बे पॅकर्स संघात आला. त्याने एकाच वेळी ग्रीन बे आणि ब्रुकलिन अशा दोन संघांच्या करारांवर सह्या केल्या होत्या. आपल्याकडे दोन ठिकाणी सुपारी फोडली तर मांडवात लाठ्या निघतात. तिथे लीगच्या अध्यक्षांनी म्हणे लिफाफ्यांवरचे टपालाचे शिक्के पाहिले आणि ग्रीन बेचा शिक्का सतरा मिनिटं आधीचा निघाला म्हणून पोरगा त्यांना दिला. दुसऱ्याच सामन्यात, पहिल्याच चालीवर, हटसनने ८३ यार्डांचा टचडाउन केला. अकरा मोसमांत त्याने पास झेलून ९९ टचडाउन केले. टपालखात्याने क्रीडाक्षेत्रावर केलेला इतका मोठा उपकार दुसरा नसेल.

असले घोळ पुन्हा नकोत म्हणून नव्हे, पण १९३६ पासून लीगने 'ड्राफ्ट' सुरू केला. म्हणजे संघांनी पाळीपाळीने कॉलेजातली पोरं निवडायची. पहिल्या फेरीतला पोरगा जावई, शेवटच्या फेरीतला आश्रित, आणि ज्याला कुणीच निवडलं नाही तो बिनआमंत्रणाचा पाहुणा. पाहुण्यालाही शिबिरात यायची मुभा असते. पण जेवणाचं पान उरलं तर!

उरलेल्या पानांची सोय करण्यात क्लीव्हलँड ब्राउन्सचे प्रशिक्षक पॉल ब्राउन मोठे वाकबगार. १९४० च्या दशकात त्यांच्या संघाच्या मालकाची टॅक्सी कंपनी होती. संघात जागा नसलेली पण हातची सोडवत नाहीत अशी पोरं या कंपनीच्या पगारपत्रकावर घालून ठेवायची. म्हणून अशा राखीव पोरांना 'टॅक्सी स्क्वॉड' हे नाव पडलं. आज त्याला 'प्रॅक्टिस स्क्वॉड' म्हणतात. आमच्या गिरणगावातला जुना माणूस हे ऐकून लगेच म्हणाला असता, "म्हणजे बदली कामगार!" अगदी तेच. रोज फाटकाशी हजर राहायचं, कायमवाला आजारी पडला तर आत जायचं, आणि त्याच्या तब्येतीची मनापासून चौकशी करताना आपण नेमकं काय इच्छितो याचा फार विचार करायचा नाही.

आता निवड करणारे तरी पारखी असतील की नाही? इतिहास उघडला की धीर सुटतो. रेमंड बेरी १९५४ साली विसाव्या फेरीत निवडला गेला. त्याच्याकडे चेंडू फेकणारा जॉनी युनिटस, त्याला पिट्सबर्गने १९५५ च्या शिबिरातून वही घेऊन परत पाठवलेलं. त्याने वर्षभर सामन्याला सहा डॉलरवर किरकोळ क्लबात दिवस काढले. १९५८ च्या अंतिम सामन्यात बाल्टिमोरकडून या दोन टाकाऊ मालांनी न्यूयॉर्कला हरवलं. बेरीने त्या एका सामन्यात बारा झेल घेऊन १७८ यार्ड काढले. स्टीव्ह लार्जंटला १९७६ साली ह्यूस्टनने घेतलं आणि मोसम सुरू व्हायच्या आतच पुढच्या वर्षाच्या आठव्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात सिअ‍ॅटलला देऊन टाकलं. जुने कपडे देऊन बोहारणीकडून वाटी घ्यावी तसा हा व्यवहार. १९८९ मध्ये याच लार्जंटने १०० टचडाउन पुरे करून हटसनचा चव्वेचाळीस वर्षांचा विक्रम मोडला. ह्यूस्टनच्या हाती वाटी राहिली.

यावर उपाय म्हणून पारख शास्त्रशुद्ध झाली. दरवर्षी इंडियानापोलिसला पोरांना रांगेत उभं करून वजन, उंची, उडी, पंजाची लांबी सगळं मोजतात. वधूपरीक्षेत पूर्वी चालून दाखवायला सांगत. इथे चाळीस यार्ड पळून दाखवायचं. २०१७ साली जॉन रॉस नावाचा पोरगा ४.२२ सेकंदांत पळाला. तेव्हाचा तो विक्रमच होता. सिनसिनाटीने त्याला नवव्या क्रमांकावर उचललं आणि पहिल्या मोसमात त्याच्या नावावर झेल लागले शून्य. उलट जेरी राइस, गवंड्याचा मुलगा. लहानपणी वडिलांच्या हाताखाली, भावाने वर फेकलेल्या विटा झेलून त्याचे हात तयार झालेले. १९८५ साली त्याच्या आधी दोन रिसीव्हर निवडले गेले. त्याने पुढे १५४९ झेल घेतले, आणि हा आकडा अजून कुणाला गाठता आलेला नाही. विटांची परीक्षा मात्र इंडियानापोलिसला अद्याप ठेवलेली नाही.

पण या इतिहासातली सगळ्यात वाकडी गोष्ट वेगळीच आहे. झेल घेणाऱ्याची शेवटची जागा झेलांवर मिळतच नाही. संघात पाच-सहा रिसीव्हर ठेवतात. पहिल्या तिघांचं ठरलेलं असतं. चौथ्यापासून पुढच्यांना विचारतात, "किकच्या वेळी काय करशील?" म्हणजे लाथाडलेला चेंडू घेऊन जो समोरून सुसाट येतो त्याला जीव खाऊन आडवं पाडशील का? सतारीच्या परीक्षेला बसलेल्याला 'तंबोरे उचलता येतात का' विचारावं तसं हे. व्हिन्स पापाले हा तिशीतला शाळामास्तर, बारमध्येही काम करणारा. तो १९७६ साली फिलाडेल्फियाच्या संघात शिरला तो असं जीव खाऊन पळण्याच्या जोरावर. त्याच्यावर २००६ मध्ये सिनेमाही निघाला. तीन मोसमांत या रिसीव्हरने चेंडू झेलला एकदा. पंधरा यार्ड.

पुढच्या दोन कथा तर प्रत्येक शिबिरात आरतीसारख्या म्हटल्या जातात. १९९५ साली वेन क्रेबेटला कुणीच निवडलं नाही. न्यूयॉर्क जेट्सच्या शिबिरात तो आला तेव्हा रिसीव्हरांच्या यादीत अकरावा, आणि सांगतात की पहिल्या दिवशी फाटकावरचा रखवालदार त्याला आतच सोडीना. त्याने ५८० झेल घेऊनच मैदान सोडलं. २०१० साली व्हिक्टर क्रूझ हा असाच बिनआमंत्रणाचा पाहुणा. एका सराव सामन्यात त्याने तीन टचडाउन केले आणि त्याला जागा मिळाली. पुढच्या वर्षी दीड हजार यार्डांवर धावा आणि सुपर बोलचा चषक.

या कथा ऐकून माझाही ऊर भरून येतो. मग मी कागद-पेन्सिल घेऊन बसतो आणि ऊर रिकामा होतो. संघ बत्तीस. शिबिरात प्रत्येकी नव्वद पोरं, म्हणजे २८८०. ऑगस्टच्या अखेरीस प्रत्येक संघाने त्रेपन्न ठेवायची, म्हणजे १६९६. उरली ११८४. बदली कामगारांच्या जागा संघाला सोळा धरल्या, तरी सहाशे-सातशे पोरं बॅग भरून घरी. यांत क्रूझसारखा सराव सामन्यात सुंदर झेल घेतलेला पोरगाही असतो. शेवटच्या पाव भागात, प्रेक्षक पार्किंगकडे निघालेले असताना, त्याच्या वाट्याला सबंध सामन्यात दोन-तीन चेंडू येतात. त्यातला एक सुटला तर सुटला. फेकणाराही त्याच्यासारखाच शेवटच्या रांगेतला. त्याचा हात वाकडा पडला तरी हिशेब झेलणाऱ्याच्याच नावावर लागतो.

क्रेबेट एखादाच असतो, आणि तो असतो म्हणूनच रांग मोडत नाही. लॉटरीच्या दुकानावर बक्षीस लागलेल्याचाच फोटो टांगतात, बाकीच्यांचा टांगायचा तर भिंत पुरायची नाही. संघांना मात्र या रांगेची गरज आहे. नव्वद पोरं नसतील तर त्या कायमवाल्यांना सराव द्यायला समोर उभं कोण राहणार? घरी जाणाऱ्या पोराने पाच-सहा आठवडे दुसऱ्याची तयारी करून दिलेली असते. त्याच्यावर सिनेमा निघत नाही आणि रखवालदार त्याला अडवतो तो फक्त बाहेर पडताना, सामान तपासायला.

मला कौतुक वाटतं ते त्याच्या पाठांतराचं. ती वही साधीसुधी नसते. प्रत्येक चालीला सांकेतिक नाव, प्रत्येक नावात कुणी किती पावलांवर वळायचं याचा हिशेब. पोरगा रात्री जागून सगळं घोकतो, कारण शेवटच्या जागेच्या उमेदवाराला चुकीच्या दिशेला वळणं परवडत नाही. सकाळी दार वाजतं, वही परत जाते, डोक्यातलं मात्र कुणी काढून घेत नाही. मग दुसऱ्या संघाकडून फोन आलाच, तर तिथे निराळी वही आणि निराळी भाषा. आधीचं सगळं विसरायचं आणि पहिल्या पानापासून पुन्हा घोकायला लागायचं. फोन येईलच असं नाही. तोवर गावातल्या शाळेच्या मैदानावर धाकट्या भावाला चेंडू फेकायला लावून पोरगा पळत राहतो.