एक मानक, आठ भाषा
‘स्मार्ट मॅन्युफॅक्चरिंग’वर पीएचडी करायचा विचार असेल, तर ‘इंटरऑपरेबिलिटी’ हा शब्द तुम्हाला पहिल्याच आठवड्यात भेटेल. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांनी एकमेकांची माहिती नुसती घ्यायची नाही, तर ती समजून वापरायची, असा त्याचा अर्थ. हा प्रश्न २०११ साली हॅनोव्हरच्या औद्योगिक मेळ्यात ‘इंडस्ट्री ४.०’ची घोषणा झाली तेव्हा जन्मला असं समजू नका. तो बराच जुना आहे.

१९७९ मध्ये मॉडिकॉन कंपनीने आपल्या पीएलसींसाठी, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या औद्योगिक संगणकांसाठी, मॉडबस हा प्रोटोकॉल आणला. तो आजही वापरात आहे. यात एक यंत्र दुसऱ्याच्या रजिस्टरमधला आकडा वाचतं. समजा, आकडा आला २५३. आता हे २५.३ अंश तापमान, की मिनिटाला २५३ फेरे? मॉडबस ते सांगत नाही. ते मॅन्युअलमध्ये असतं, नाहीतर जुन्या तंत्रज्ञाच्या डोक्यात.

१९८०च्या दशकात जनरल मोटर्सने पुरवठादारांपुढे मागणी ठेवली, की सगळ्यांनी एकच प्रोटोकॉल वापरायचा. त्याचं नाव मॅप. त्या काळच्या इथरनेटवर संदेश किती वेळात पोचेल याची हमी नव्हती, म्हणून मॅपने ‘टोकन बस’ निवडली : टोकन ज्याच्याकडे, त्यानेच बोलायचं. विचार चुकीचा नव्हता. पण त्याचं हार्डवेअर महाग, १९८८ची आवृत्ती ३.० आधीच्या २.१शी जुळेना आणि तोवर इथरनेट स्वस्त झालं. मॅप मागे पडला. गंमत म्हणजे, त्यातला संदेशांची रचना ठरवणारा भाग, एमएमएस, टिकला. विद्युत उपकेंद्रांच्या आयईसी ६१८५० या मानकात तो आजही काम करतो.

मग फील्डबसचं भांडण. सेन्सर आणि नियंत्रक जोडायला एकच आंतरराष्ट्रीय मानक करायचं, म्हणून १९८५च्या सुमारास काम सुरू झालं. जर्मनीतून प्रोफिबस आला, फ्रान्समधून वर्ल्डफिप. प्रत्येकाचा माल आधीच बाजारात विकला गेलेला, मग माघार कोण घेणार? अखेर २०००च्या सुमारास आयईसी ६११५८ आलं, त्यात आठ प्रकार, एकमेकांशी न जुळणारे! अडचण तारांची नव्हती, गुंतवलेल्या पैशांची होती.

१९९६ मध्ये ओपीसी आलं, पण ते मायक्रोसॉफ्टच्या तंत्रज्ञानावर उभं असल्याने विंडोजला बांधलेलं. पुढे २००८च्या सुमारास आलेल्या ओपीसी यूएने ते बंधन तोडलं. शिवाय आकड्यासोबत त्याचं एकक आणि अर्थही पाठवायची सोय केली. म्हणजे २५३चा प्रश्न सुटला? अर्धाच. कोणत्या यंत्राच्या माहितीला काय नाव द्यायचं, हे त्या त्या उद्योगातल्या लोकांनी बसून ठरवावं लागतं. म्हणजे पुन्हा तेच टेबल आणि तीच घासाघीस.

तेव्हा ‘आम्ही ओपीसी यूएने यंत्रं जोडली’ असं एखाद्या शोधनिबंधात वाचलंत, की दोन प्रश्न विचारा. आकड्यांचा अर्थ कोणी ठरवला? उद्या दुसऱ्या कंपनीचं यंत्र आलं, तर कोड पुन्हा लिहावा लागेल का? उत्तर सापडलं नाही, तर ती जागा वहीत टिपून ठेवा. तुमचा संशोधन-प्रश्न तिथे असू शकतो.