फुटबॉलपटूने महाविद्यालय कसे निवडावे : ठाणे-कल्याण परिसरापुरते विवेचन

खेळाडूने महाविद्यालय निवडताना एकच गोष्ट मोजावी : प्रत्यक्ष सराव आणि सामने किती मिळणार. जिमखान्यातल्या चषकांवरून संघाचा इतिहास कळतो. राखीव बाकावर बसलेल्याचा खेळ त्याने सुधारत नाही. अमेरिकेत अनेकदा प्रशिक्षकच खेळाडू हेरून शिष्यवृत्ती देऊ करतो. आपल्याकडे प्रवेश मुख्यतः गुणांवर होतो, म्हणून ही पारख विद्यार्थ्यालाच करावी लागते. तिचे निकष पाच.

टप्पा. अकरावी-बारावीचा विद्यार्थी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या 19 वर्षांखालील शालेय स्पर्धांत खेळतो. विद्यापीठाचा संघ पदवीच्या विद्यार्थ्यांचा. इमारत एकच असली तरी संघ दोन असतात. त्यामुळे ज्युनिअर कॉलेजची निवड पदवीसाठी आपोआप लागू पडत नाही.

विद्यापीठ. हा निकष सर्वाधिक दुर्लक्षित. ठाण्याची बांदोडकर आणि जोशी-बेडेकर, कल्याणचे बिर्ला, डोंबिवलीचे पेंढरकर ही महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. या विद्यापीठाच्या कक्षेत मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्हे येतात आणि त्या सर्वांतून आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी संघ निवडला जातो. चर्चगेटची के. सी. आणि एच. आर. मात्र आता एचएसएनसी विद्यापीठात, तर एल्फिन्स्टन आणि सिडनहॅम डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात आहेत. लहान विद्यापीठात संघात शिरणे तुलनेने सोपे, पण विद्यापीठातल्या महाविद्यालयांची आपसांतली स्पर्धा तोकडी. मोठ्यात नेमके उलट.

प्रवास. कल्याण ते सीएसएमटी अंतर सुमारे 54 किलोमीटर. जलद लोकलनेही एका वेळेस तासाहून अधिक जातो. पहाटेच्या सरावासाठी निघणाऱ्याची झोप जाते, संध्याकाळच्या सरावानंतर गर्दीची गाडी असते. चर्चगेटच्या कॉलेजला फुटबॉलचे कूपरेज मैदान जवळ असल्याचा फायदा महिन्यातल्या मोजक्या सामन्यांना. प्रवासाचा भुर्दंड रोजचा. घराजवळच्या कॉलेजला स्वतःचे मैदान नसेल, तर ते सरावासाठी कोणते टर्फ वा मैदान किती वेळ घेते, हे विचारावे. जून ते सप्टेंबर पावसात सराव कुठे होतो, हा प्रश्नही त्यातच येतो.

संघातली जागा. आपल्या जागेवर सध्या कोण खेळतो आणि तो कोणत्या वर्षाला आहे, हे पाहावे. तिसऱ्या वर्षाचा गोलकीपर असेल तर पुढच्या वर्षी जागा रिकामी होते. पहिल्या वर्षाचे दोघे असतील तर वाट लांब. प्रशिक्षक वर्षभर येतो की निवड चाचणीपुरताच, हेही संघातल्या मुलांकडूनच कळते. बाद पद्धतीच्या स्पर्धेत एका पराभवाने हंगाम संपतो. म्हणून क्लबकडून लीग खेळण्याची मोकळीक मिळते का, तेही विचारून घ्यावे.

परीक्षा. मुंबई विद्यापीठाची 75 टक्के हजेरीची अट खेळाडूलाही आहे, मात्र परवानगीने कॉलेजकडून वा विद्यापीठाकडून खेळताना बुडालेले तास हजेरीत धरले जातात. स्वायत्त महाविद्यालय परीक्षा स्वतः घेते, त्यामुळे सामन्यामुळे हुकलेल्या पेपरचा निर्णय तिथेच होतो. तो नियम लेखी आहे का, हे प्रवेशापूर्वी पाहावे.

आवडता अभ्यासक्रम दोन्ही ठिकाणी सारखाच मिळत असेल, तर नावाजलेल्या दूरच्या कॉलेजच्या राखीव बाकापेक्षा घराजवळच्या कॉलेजच्या पहिल्या अकरांत असणे अधिक लाभाचे. प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी एका संध्याकाळी त्या कॉलेजचा सराव मैदानाच्या कडेला उभे राहून पाहाच.